भेरुंडाची शिवण

४ मार्च

मायना काय लिहावा ते ठरेना, म्हणून लिहितच नाही. 'प्रिय' म्हटलं तर तू नाक मुरडशील, नुसतं नाव लिहिलं तर कोर्टाची नोटीस आल्यासारखं वाटेल. तेव्हा थेट मुद्द्यावर येते.

तुझं कार्ड मिळालं. आई गेल्यापासून पहिल्यांदा तुझं अक्षर दिसलं, आणि त्यात वाक्यं किती, तर दोन. 'अर्धा पक्षी माझा आहे. कापून पाठव.' ना कशी आहेस, ना काय चाललंय. मी तुला साधं सरळ विचारलं होतं. आईचं भेरुंडाचं चित्र इथलं संग्रहालय मागतंय, नव्या दालनात समोरच्याच भिंतीवर लावणार आहेत. आई ते आपल्या दोघींसाठी ठेवून गेली, म्हणून तुझा होकार हवा. त्यावर हो म्हण, नाही म्हण, चार शिव्या दे. पण कापून पाठव? अगं, ते चित्र आहे, केक नाही.

कापणं हा माझा रोजचा धंदा आहे, हे तुला ठाऊकच आहे. आईचंच दुकान, तीच कात्री, तेच लांबलचक टेबल. दुकानांपुढच्या कापडी छपऱ्या अजून आपल्याकडेच शिवायला येतात आणि उरलेल्या वेळात मी लोकांच्या चित्रांना चौकटी करते. पण एक पोट आणि दोन डोकी असलेला पक्षी मधोमध कापायचा म्हणजे नक्की काय करायचं, ते जरा मला समजावून सांग. आईची गोष्ट विसरलीस का? एका डोक्याला गोड फळ मिळालं, त्याने दुसऱ्याला चाखायलाही दिलं नाही. दुसऱ्याने रागाच्या भरात विषाचं फळ खाल्लं. पोट तर एकच. झालं, खेळ खलास. आपण भांडलो की हीच गोष्ट. आणि दर वेळी तू विचारायचीस, "पण पहिल्याने आधी का नाही दिलं?" मग आई म्हणायची, "मला काय विचारतेस, ताईला विचार."

मी कापणार नाही. हे शेवटचं.

ताई

ता. क. तिकडची थंडी ओसरली का? बस चालवताना हातमोजे घालतेस ना? उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

११ मार्च

उत्तर आलेलं नाही हे मला माहीत आहे, पत्र पोचायलाच आठवडा लागतो. तरी लिहायला बसले. आज कशातच मन नाही. सकाळपासून दोनदा मशीनवर बसले, पाय चालत होते आणि सुईखाली कापडच नव्हतं.

संग्रहालयाच्या बाई चित्र बघायला आल्या होत्या. बरोबर मामाही टपकला. त्याला कुठून सुगावा लागतो कोण जाणे! बाई चित्रासमोर उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. चहा गार झाला. मग म्हणाल्या, "तुमच्या आईंनी एकही पीस काढलेलं नाही, तरी हा पक्षीच आहे." हे मला आवडलं. कारण खरंच काय आहे त्यात? काळ्या जाड रेघा, त्रिकोणी पट्ट्यांचे पंख, आणि मधे पिवळसर मातकट रंगाचं भलंमोठं पोट. डावं डोकं ताठ, चोच उघडी, डोळा टपोरा. उजवं मान टाकलेलं, डोळा अर्धा मिटलेला. दोघांची तोंडं दोन दिशांना. आणि दोन मानांच्या बरोबर मधे, अगदी वरच्या कडेला, तो लाल गोळा.

लाल गोळ्यावर बाईंची गाडी सुसाट सुटली. तो सूर्य असेल, म्हणजे जाग आणि झोप. नाहीतर ते फळ, अमृत आणि विष एकाच सालीत. किंवा घर, ज्याच्याकडे दोघांनीही पाठ फिरवलीय. मामा बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, "मला तर ही उलटी झालेली छत्री वाटते." बाई इतक्या हसल्या की मला त्या आवडूनच गेल्या. जाताना मात्र त्यांनी मला बाजूला घेतलं. "एक विचारू? ही डोकी म्हणजे तुम्ही दोघी बहिणी का?"

मी म्हटलं, "छे, आई असलं काही करायची नाही. पक्षी म्हणजे पक्षी."

ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय माझी, दुसरं काय? आपल्या दोघींना तर माहीतच आहे ना. आई गेल्यावर तू आलीस, तिच्या खोलीच्या दारात खांद्यावरची बॅगही न उतरवता उभी राहिलीस आणि चित्राकडे बघून म्हणालीस, "खाणारी तू, आणि विष खाल्लेली मी. बरोबर काढलंय आईने." संध्याकाळच्या गाडीने गेलीससुद्धा. खाणारी! मी काय खाल्लं गं? तुला आईने ब्रश दिला, चित्रकलेच्या कॉलेजात घातलं, तिच्या चांगल्या रंगांना हात लावू दिला. तू ते सगळं सोडून स्टिअरिंग धरलंस आणि देश ओलांडून गेलीस. मला तिने कात्री दिली. ब्रश कधीच नाही. हे सहज लिहितेय, त्यात राग वगैरे नाही.

बाईंना महिनाअखेरपर्यंत उत्तर हवंय.

२० मार्च

तुझं दुसरं कार्ड आलं. 'कुठलं डोकं माझं ते तुला चांगलंच माहीत आहे. तेवढंच पाठव. मला पोट नको.'

मला पोट नको! कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते उगाच नाही. वाचून माझं डोकं असं फिरलं की मी दुकान अर्ध्यावर बंद केलं, गिऱ्हाइकाला उद्या ये म्हटलं, आणि चित्र भिंतीवरून काढून टेबलावर पालथं घातलं. म्हटलं, हवंय ना तुला? घे. मान टाकलेलं डोकं कापून देते, ताठ डोकं माझ्याकडे ठेवते, आणि संग्रहालय गेलं खड्ड्यात. खरंच कात्री हातात होती माझ्या.

चौकट मीच केलेली, ती सुटायला वेळ लागला नाही. पण चित्राच्या पाठीला आईने प्लायवूड ठोकलं होतं, ओल लागू नये म्हणून, असं तीच म्हणायची. मी ते कधी उघडलं नव्हतं. आज एकेक खिळा उचकटला. आणि मग कात्री खाली ठेवून खुर्चीवर बसले.

अगं, ते एक कापड नाहीच. दोन आहेत. वरपासून खालपर्यंत, बरोबर पोटातून, शिवण आहे. पुढच्या बाजूने आईने त्यावर इतका जाड रंग थापलाय की आपल्याला तो पक्ष्याचा कणा वाटायचा. आणि शिवण कसली, तर साखळीची!

तू दुकानात कधी बसली नाहीस, म्हणून सांगते. कायमच्या छपरीला आपण पक्की शिवण घालतो, ती उसवायची तर कापड फाटतं. पण दुकानदारांना दोन-तीन महिन्यांपुरती छपरी हवी असते, तिचे पट्टे साखळी टाक्याने जोडतो. शेवटची गाठ सोडायची, दोरा ओढायचा, की सगळी शिवण सरसर सुटते. पट्टे मोकळे, कापडाला ओरखडा नाही. उलट्या टोकाने ओढलं तर मात्र जागची हलत नाही. आई प्रत्येक नव्या मुलीला पहिल्या दिवशी हेच शिकवायची. "कायमचं काय आणि तात्पुरतं काय, ते आधी गिऱ्हाइकाला विचारा. मग सुई लावा."

आणि तीच आई पक्की शिवण सोडून साखळी घालते? तिच्या हातून चुकून काही व्हायचं नाही. एक पोट, एक पोट म्हणून आपल्याला इतकी वर्षं दरडावलं, आणि स्वतःच ते उसवता येईल असं शिवून ठेवलं. मला काही सुधरत नाहीये. तुझ्यावरचा राग कुठे ठेवू तेही कळत नाही.

गाठ मात्र सापडत नाहीये. तू काय म्हणतेस? कार्डावर नको, नीट लिही.

ताई

२३ मार्च

गाठ सापडली. मला नाही, संग्रहालयाच्या बाईंना. मी त्यांना बोलावून पाठ दाखवली. त्यांनी चित्र उभं धरलं, खिडकीचा उजेड तिरका घेतला आणि म्हणाल्या, "या लाल गोळ्याच्या मधोमध उंचवटा आहे. बोट फिरवा." फिरवलं. तिथेच आहे. आईने गाठ मारली आणि ती झाकायला वरून लाल रंग लावला.

म्हणजे तो सूर्य नाही, फळ नाही, विष नाही. गाठ आहे. बाई म्हणाल्या, "हे तर माझ्या सगळ्यापेक्षा चांगलं आहे." शिवणीच्या आत आईने राखून ठेवलेलं जास्तीचं कापडही त्यांना दाखवलं, पण आपण धंद्यात त्याला माया म्हणतो हे सांगितलं नाही. नाहीतर सुतावरून स्वर्ग गाठला असता आणि आणखी एक व्याख्यान झालं असतं.

मग त्या स्पष्टच बोलल्या. "उसवू नका. अख्खा असेल तर आमच्या भिंतीवर, आईंचं नाव हजारो लोक वाचतील. अर्धा आम्ही घेऊ शकत नाही, दोन तुकडेही नाही." त्यांचं काही चुकलं नाही. आईने उभ्या आयुष्यात एक भिंत मागितली नाही, आणि आज मिळतेय तर ती माझ्या हातात आहे. आता तुझ्याही.

घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा घालतेय. लवकर लिही गं.

४ एप्रिल

बाईंनी मुदत वाढवून दिली. आज तुझं पत्र आलं, पत्रच म्हणायचं, कार्ड नाही. चार ओळी असल्या म्हणून काय झालं? 'ताई, मला ठाऊक नव्हतं ती शिवण आहे. आता मला रोज गाडी चालवताना तेच दिसतं. उसव. पण तू उसव, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस.'

किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. 'ताई' लिहिलंयस.

मला चित्र भिंतीवर हवं होतं. खूप हवं होतं. उद्घाटनाला कुठली साडी नेसायची तेसुद्धा मनात ठरवलं होतं, सांगायला लाज वाटते. पण खरं सांगू का? भिंतीवर चित्र असेल आणि तू तिकडे विष खाल्लेली म्हणून बसशील, तर मी त्या दालनात पाऊल कशी टाकू? मला तू हवी आहेस. चित्राचं पुढचं पुढे.

बाईंना नाही म्हणून कळवलं. त्यांनी फोनवर दोनदा विचारलं, नक्की ना? मग म्हणाल्या, "उसवल्यावर काय दिसतं ते मला सांगाल?"

उद्या सकाळी उजेडात बसते.

५ एप्रिल

उसवलं.

एका ओढीत नाही निघालं. रंगाने टाके धरून ठेवले होते. आधी कापड ज्या लाकडी पट्ट्यांवर ताणलं होतं त्यांच्यावरून सोडवलं, पातळ पातं घेऊन नुसता रंग चिरला, कापडाला धक्का न लावता. मग लाल गोळा टवका टवका करत खरवडला, गाठ सोडली, आणि दोरा बोटा-बोटाने ओढत आले. पोटाशी आल्यावर उठून पाणी प्यायले. दुपारपर्यंत दोन तुकडे वेगळे झाले.

आणि मग मी ते पालथे केले, दुमडलेलं कापड मोकळं करायला. पाठीला आईने मातकट रंगाचा हात फिरवला होता, पण दुमडीच्या आत तो पोचला नव्हता. तिथे कापडांचे मूळ रंग जसेच्या तसे निघाले. धाकटे, मी ती कापडं ओळखली.

एक निळं आहे. तुझा तंबू. मशीनच्या टेबलाखाली तू तो ताणून बांधायचीस आणि आत बसून आम्हाला म्हणायचीस, दार वाजवल्याशिवाय यायचं नाही. एकदा खिडकी हवी म्हणून तू त्याला कात्रीने भोक पाडलंस आणि आईने वरून चौकोनी ठिगळ लावलं. ते ठिगळ तिथेच आहे, दुमडीला लागून, रंगाखालून हाताला लागतं.

दुसरं हिरव्या पट्ट्यांचं. त्याच्या काठाला माझी पहिली शिवण आहे. गोगलगाय चालल्यासारखी वाकडी. आईने ते छपरीला वापरलं नाही, "गिऱ्हाईक हसेल" म्हणाली, आणि मी आठवडाभर तिच्याशी बोलले नव्हते. मला वाटलं तिने ते केव्हाच फेकून दिलं.

आता नीट ऐक. निळ्या कापडावर ताठ डोकं आहे. उघड्या चोचीचं, टपोऱ्या डोळ्याचं. ते तुझं. मान टाकलेलं, अर्ध्या मिटल्या डोळ्याचं डोकं हिरव्या पट्ट्यांवर आहे. ते माझं.

आपण दोघी उलटं धरून बसलो होतो. तू दारात उभी राहून बोललीस तेव्हा मीही मनातून म्हटलं होतं, बरोबर, ताठ डोकं माझं, मी राहिले ना इथे. आज कळलं, आणि मला फार लागलं. टेबलावर डोकं ठेवून रडले, उगाच लपवत नाही. आईला मी अशी दिसत होते का गं? दमलेली, मान खाली घातलेली? आणि तू, जिच्यावर ती इतकी रागावली होती, तुला तिने चोच उघडून आकाशात बघायला लावलं.

आता यावर मामा म्हणेल, "हाताला लागलं ते कापड घेतलं असेल तिने." असेलही. आईला विचारायची सोय नाही. पण जिने ठिगळ आणि वाकडी शिवण इतकी वर्षं जपून ठेवली, तिने ती डोळे मिटून उचलली असतील हे मला पटत नाही.

आज एवढंच. बोटं दुखतायत.

६ एप्रिल

कालचं पत्र टाकायला निघाले होते, ते परत फिरवून त्यातच हे घालतेय.

सकाळी दुकान उघडलं आणि सवयीने हात चालले. पट्टे जोडायच्या आधी आपण ते टेबलावर दोन्ही तऱ्हेने मांडून बघतो. आधी असे, मग डाव्याचा उजवा, उजव्याचा डावा. कुठली जोडणी बरी दिसते ते बघितल्याशिवाय सुई लावायची नाही, हाही आईचाच नियम. आईनेही शिवण्यापूर्वी हे तुकडे तसे मांडून पाहिले असणारच, तिच्याने ते केल्याशिवाय राहवलं नसतं. मीही काही मनात न आणता तुझा अर्धा डावीकडून उचलला आणि उजवीकडे ठेवला.

तोंडं समोरासमोर आली.

तुझं ताठ डोकं माझ्याकडे बघत होतं. आणि माझी मान पडलेली नव्हतीच. ती तुझ्याकडे झुकलेली होती, एखाद्याचं बोलणं ऐकायला आपण झुकतो ना, तशी. डोळाही अर्धा मिटलेला आहे तो ऐकण्यासाठी. मी उठून मागे गेले, पुढे आले, दारातून पाहिलं, तू उभी होतीस तिथूनच. सगळीकडून तेच. पोट मात्र एक राहत नाही. त्याचे अर्धे दोन्ही बाहेरच्या कडांना जातात. दोन पक्षी होतात, चोचीला चोच लावून बसलेले.

मामाला दाखवलं. त्याने छत्रीचं नाव काढलं नाही. "मग आता तिचा अर्धा पाठवणार का?" एवढंच विचारलं.

पाठवणार नाही. एक अर्धा तिकडे आणि एक इकडे असला तर ते पुन्हा दोन दिशांना बघत बसतील. दोन्ही गुंडाळलेत, रंगाची बाजू बाहेर ठेवून, म्हणजे तडकणार नाहीत. त्या लाकडी पट्ट्यांवर दुमडलेलं कापड कडांना भरपूर आहे, पुन्हा शिवायचं म्हटलं तर पुरेल. साखळी घालायची की पक्की, ते तुला विचारल्याशिवाय ठरवणार नाही. आईची जाड सुई आणि मेणाचा दोरा बरोबर घेतलाय. संग्रहालयाच्या बाईंना म्हटलंय, शिवलं तर बघायला बोलावीन.

तिकीट काढलं. हसू नकोस. हो, मीच, जिला पुढच्या गावी जातानाही मळमळतं. मशीन झाकून ठेवलंय, दारावर पाटी लावलीय. पुढच्या आठवड्यात तिकडे पोचते.

घ्यायला येऊ नकोस, तू कामावर असशील. तुझ्या बसचा नंबर मी डेपोत विचारून घेईन आणि त्याच बसमध्ये चढेन. गुंडाळी लांब आहे, तिच्याही वाटची जागा लागेल. चालवताना मागे वळून बघू नकोस, लोकांचा जीव तुझ्या हातात असतो. मी शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहीन.

तुझी ताई